अक्काच्या किडनीसाठी अळंबी

६ नोव्हेंबर २००५
अक्काला नांदेडला केमो सुरू होणार. सहा फेऱ्या. डॉक्टरांनी तिच्या सुनेला, शिवकन्येला, बजावलं की या औषधाने किडनी बिघडू शकते, भरपूर पाणी पाजा, बाहेरचं काही देऊ नका. अक्का मला म्हणाली, तू संगं चल, तू बाजूला असला की धीर येतो. मी लगेच हो म्हटलं. सख्खी मोठी बहीण आहे. सहाही फेऱ्यांना जाणार.

१५ नोव्हेंबर
पहिली फेरी. गेलो नाही. शाळेत चाचणी. (चाचणी उद्या आहे, पण तयारी असते.) मी दवाखान्याला भीत नाही. तिथला वास सोसत नाही, एवढंच.

२० नोव्हेंबर
हिंगोलीच्या वाचनालयात मासिक चाळताना अंगावर काटा आला! केमो दिलेल्या उंदरांची किडनी अळंबीतल्या नैसर्गिक द्रव्याने वाचली म्हणे. अळंबी म्हणजे बुरशीच, मी नववीला शिकवतो. नांदेडला बाजूला कोणीही बसेल. विज्ञान शिक्षक खानदानात एकच आहे. अळंबी घरीच पिकवणार. बाहेरचं देऊ नका म्हणजे औषध, भाजी नव्हे.

६ डिसेंबर
दुसरी फेरी. जाणार होतो, पण परभणीहून आणलेलं बियाणं थांबत नाही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उकळलं, पिशव्या भरल्या, न्हाणीघरात टांगल्या. रागिणीने विचारलं, अंघोळ कुठं करायची. बायकोला संशोधनाची किंमत नाही.

१८ डिसेंबर
अळंबीचं बियाणं ज्वारीच्या दाण्यांवर येतं, हे उंदरांना माझ्याआधी कळलं. सगळ्या पिशव्या फाडल्या. आता केमोला तयार कोणी असेल, तर आमच्या न्हाणीतले उंदीर. पुन्हा बियाणं आणणार.

२८ डिसेंबर
काल तिसरी फेरी. शिवकन्येचा फोन. अक्काला रात्रभर उलट्या. मामा (म्हणजे मी) येऊन राहिले का, असं अक्काने दोनदा विचारलं म्हणे. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. नंतर थोडं गेलं.

१७ जानेवारी २००६
चौथी फेरी. कोंब फुटलेत! आज पाणी मारलं नाही तर वाळतील. रागिणी म्हणाली, पाणी मी मारते, तुमी जा. तिला फवारा बारीक जमत नाही.

२२ जानेवारी
पहिला तोडा, पावशेर. भाजी करवून पुसेगावला अक्काच्या घरी नेली. अक्का किती वाळली आहे. डोक्यावरून पदर घट्ट. मी डबा उघडून उंदरांपासून सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. म्हणाली, माळकऱ्याला हे चालत न्हाई रे, आमी मटनाबराबर धरतो. आमचे वडील, आबा, गेल्यावर तिने माळ घातली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. विसरलो.

तरी तिने डबा रिकामा परत दिला नाही. तिळाचे लाडू भरून दिले. शिवकन्या म्हणाली, किडनीचा रिपोर्ट चांगला हाय, डॉक्टरनं सांगितलं तसं पाणी पाजून राहिलो आमी. म्हणजे किडनी पाण्यानेच सांभाळली. आनंदच आहे. लाडू वाटेतच संपवले. शरम वाटली.

७ फेब्रुवारी
पाचवी फेरी. बारावीच्या प्रॅक्टिकलवर नेमणूक, खरोखर. या वेळी कारण खरं आहे, आणि रागिणीचा सोडा, माझाच विश्वास बसत नाही. शेवटच्या फेरीला जाणार म्हणजे जाणार.

२८ फेब्रुवारी
शेवटची फेरी. रजा टाकली. वासासाठी रुमालाला अत्तर लावलं. पहिल्या जीपने पुसेगाव गाठलं. अक्का अंगणात बाजेवर पडली होती. डॉक्टर आज नसणार म्हणून फेरी कालच उरकली होती.

मला काहून कळवलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. अक्का चिडली असती तर बरं झालं असतं. ती साधेपणाने म्हणाली, तू येशील हे ध्यानातच आलं न्हाई बाबा. मग सुनेला म्हणाली, मामाला च्या टाक, सकाळी सकाळी उपाशी आला.

चहा घेतला. परतलो. या फेरीलाही का जाऊ शकलो नाही, त्याचं कारण लिहायला मघापासून बसलो आहे. काही सुचत नाही.