लाखेचं पाकीट

लॉस एंजेलिस,
४ मार्च १९७४

प्रिय लोवेल,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस. त्या विहिरीच्या सिनेमाची पटकथा कुणाची, हे लेखक संघाची समिती गुरुवारी ठरवणार आहे. तेवीस वर्षं पडद्यावर एकट्या तुझं नाव मिरवतंय. मला तिथे माझं हवंय.

मासिकातली तुझी मुलाखत वाचली. काय तो थाट! नेब्रास्कातला गरीब मुलगा, तीन कादंबऱ्या, चौदा पटकथा. त्या कादंबऱ्यांना कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा लॉन्ड्रीवरच्या खोलीत टाइपरायटर कोण बडवत होतं? तू खिडकीत सिगारेटी ओढत म्हणायचास, "आर्डिथ, जरा रडवणारं काहीतरी लिही ना!" मी लिहायचे. मग कुठल्याशा कम्युनिस्ट सभेला गेले म्हणून माझं नाव काळ्या यादीत गेलं, स्टुडिओची दारं बंद झाली. तूच म्हणालास, "सध्या माझ्या नावावर जाऊ दे, दिवस पालटले की तुझं लावतो." दिवस पालटले, तुझी बायकोही पालटली. नाव तेवढं राहून गेलं.

पण मीही कच्च्या गुरूची चेली नव्हते. इथले लेखक करतात तेच केलं. तुला वाचायला देण्याआधी पटकथेची एक प्रत पाकिटात घातली, लाखेने बंद केली आणि रजिस्टर टपालाने स्वतःलाच पाठवली. वर पोस्टाचा एक्कावन्न सालचा शिक्का, म्हणजे तारखेचा पुरावा. फोडायचं ते फक्त समितीपुढे. पिठाच्या डब्यामागे जपलं होतं मी ते.

आणि तू मुलाखतीत सांगतोस, विधवा मेलेल्या नवऱ्याची बशी टेबलावर मांडते तो शेवट तुला दाढी करताना सुचला! निर्लज्ज कुठला! पण सांगितलंस इतक्या ठामपणे की मीच चपापले. खरंच तुझा असेल का तो? नंतर घातला असशील का? दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सुरी घेतली आणि पाकीट फोडलं.

आहे रे, पान एकशे बारावर, शब्दन्‌शब्द. मी हमसून हमसून रडले. मग टेबलावर लाखेचे तुकडे दिसले. फोडलेलं पाकीट समिती मानत नाही, पान काय कुणीही मागाहून घालू शकतं. आता त्या पानाला साक्षीदार एकच उरलाय, आणि तो तू आहेस. तुझ्यापुढे हात पसरण्यापेक्षा मेले असते तर बरं. तरी पसरतेय. गुरुवारी ये, आणि जन्मात एकदा खरं बोल.

तुझी कुणीही नसलेली,
आर्डिथ