कोंबड्याविना अंडी

प्रिय पेना,

बदकाची पिल्लं निघाली गं! पिवळीधमक, दिवसभर भिजलेली, आणि नुसती खा-खा. उकडलेलं अंडं नि पाला बारीक चिरून घातला की माझ्या बोटांनासुद्धा सोडत नाहीत. ठिपकी कोंबडी त्यांची आई. पिल्लं डबक्यात उतरली की ही काठावर नुसती थयथयाट करते, जशी काही सगळी बुडालीच. मी हसून हसून खाली बसले, तर शेजारची मित्रा म्हणते, "तोत्के, कोंबडीला काय हसतेस? नात पहिल्यांदा नदीत उतरली तेव्हा तू याहून मोठ्यानं बोंबलली होतीस!" मेलीचं तोंड कधी बंद म्हणून नसतं.

बदकं कशी, असं विचारशील. अंडी तर तू दिली होतीस, तुझ्या तुरेवाल्या कोंबड्यांची. मी कुंपणाशी माझ्या म्हाताऱ्याची, कोल्योची मेंढीच्या कातड्याची टोपी पुढे धरली, तू एकेक अंडं तिच्यात ठेवलंस. खुडूक कोंबडीखाली अंडी जाईपर्यंत देणारीनं बोलायचं नाही नि घेणारीनंही नाही, ही आपली आईपासूनची रीत. तुझे डोळे भरलेले दिसले. मला वाटलं, कांदा चिरून आली असशील. ठिपकीला अंड्यांवर बसवलं नि तुला हाक मारायला आले, तर तुझ्या इस्क्राची गाडी वळणापलीकडे. दाराला कुलूप. लेकीबरोबर स्पेनला गेली म्हणे, कायमची! हे मला पोस्टमननं सांगावं?

तरी मी तुझीच बाजू घेतली हो. म्हटलं, लेकीनं घाई केली असेल, आदल्या रात्री ठरलं असेल. मग आठवड्यानं अंडी दिव्यासमोर धरून पाहिली. एकातही शीर नाही, ठिपका नाही. सगळी काचेसारखी स्वच्छ. वांझ अंड्यांवर तिला किती बसवणार, म्हणून मित्राकडून बदकाची अंडी आणून सरकवली. बिचारी दोन आठवडे जास्तच बसली. मित्रा अंडी देताना म्हणाली, "अगं, पेनाचा कोंबडा तर ईस्टरच्या आधीच पातेल्यात गेला. एवढ्या लांब कोण नेणार त्याला?"

मला कमी ऐकू येतं. आरवला काय, न आरवला काय, मला कुठलं कळायला! हे तुला ठाऊक होतं. म्हणजे ईस्टरचा चीज भरलेला बानित्सा माझ्या टेबलाशी बसून खाल्लास, दुसऱ्यांदा मागून घेतलास, तेव्हाच तुझं जाणं ठरलेलं होतं. नि निरोपाला दिवस कोणता निवडलास, तर नेमका न बोलायचा.

काल मित्राकडे इस्क्राचा फोन आला, मित्रानं माझ्या कानाशी ओरडून निरोप सांगितला. "तोत्कामावशी, आई जेवत नाही, खिडकीशी बसून असते. रागावले नाही एवढं लिही ना तिला." म्हणून पेन घेतलं. पण पेना, मला अक्षरं मोजकी येतात, खोट्यासाठी पुरत नाहीत. मी रागावलेय. खूप. भांडायचंय मला तुझ्याशी, समोरासमोर, आणि ते फोनवर मला ऐकूही येणार नाही. जेवून अंगात जोर आण नि ये.

तुझीच, अजून तुझीच,
तोत्का