मावशीचा खिळा

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी काही सांगितलं की तू नुसतं हो हो म्हणतेस आणि अर्धंच ऐकतेस, म्हणून हे लिहून पाठवते आहे. सोबतचं खोकं सावकाश उघड. आतल्या वस्तूला अजून नाव नाही. कारखान्यात आम्ही तिला झाकणकाढ्या म्हणतो. खालचा स्क्रू टेबलाच्या कडेला घट्ट बसव, बरणी दोन रबरी जबड्यांच्या मध्ये ठेव, पट्टा झाकणाभोवती टाक आणि दांडा आपल्याकडे ओढ. पट्टा आधी आवळतो, मग झाकण फिरवतो. सगळं काम मनगटाचं, बोटांना तोशीस नाही. झाकण निघालं की पट्ट्याच्या टोकाशी असलेला छोटा खटका दाबायचा, म्हणजे पट्टा सैल होतो.

तुझी बोटं आखडल्यापासून तू बरण्या घेऊन शेजारी जातेस, असं आई म्हणाली होती. तेव्हापासून हे डोक्यात घर करून बसलं. दीड वर्ष गेलं. रबरी पट्टा घसरायचा, पोलादी पट्टा झाकणं चेपायचा, शेवटी कॅनव्हासवर येऊन थांबले. चाचणीच्या यंत्राकडून दांडा वीस हजार वेळा ओढून घेतला, तरी वस्तू जशीच्या तशी आहे.

आता खरी बातमी. अकरा वर्षं मी इथे नवनवीन वस्तू घडवते आहे. कपडे धुण्याच्या मशीनच्या दाराची बिजागरी माझी, घडीच्या शिडीचा अडसर माझा, पंपाची झडप माझी. पण तिन्ही पेटंटांवर नाव मोठ्या साहेबांचं. तेव्हा मी गप्प बसले, कारण मी नवी होते. मग गप्प बसायची सवयच लागली. साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. मार्चअखेर झाकणकाढ्याचा अर्ज जाईल, त्यावर शोध लावणाऱ्याचं एकच नाव असेल आणि ते तुझ्या भाचीचं असेल. मावशी, सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत.

तू ते वापर, आपट, त्याच्यावर चिडचिड कर आणि जे आवडलं नाही ते भीडभाड न ठेवता लिही. तुझी माया आहेच, पण टोमणेही तितकेच येऊ देत.

तुझी,
खटपटी


११ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

खोकं पोचलं. तुझं दोन पानी माहितीपत्रक वाचायला मला चष्मा आणि चहा दोन्ही लागले. पण बाई, वस्तू मात्र नंबरी केली आहेस. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्या बरण्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी उघडायला काही उरलं नाही, म्हणून त्या घट्ट लावून पुन्हा उघडल्या. शेजारीण विचारत होती की हल्ली येत का नाहीस, रागावलीस का.

एक तक्रार आहे. तो शेवटचा खटका माझ्याच्याने दबत नाही. एवढा मोठा दांडा मनगटाने ओढायला दिलास आणि सुटका मात्र करंगळीएवढ्या खटक्यावर ठेवलीस. तो बोटाने दाबता आला असता, तर मला तुझं यंत्र कशाला हवं होतं?

गुरुवारी मात्र कमाल झाली. वाचनालयात आमच्या शिवणमंडळाची बैठक होती. मला राहवेना. पिशवीत घालून यंत्र घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर मांडलं. अडतीस बायका मोजून होत्या. कसं आवळतं, कसं फिरतं, सगळं उलगडून दाखवलं. दोघीतिघींनी तर खाली वाकून पट्टा कुठून जातो तेही पाहिलं. मधाची बरणी उघडली, टाळ्या पडल्या. पण खटका दबेना, पट्टा सुटेना, झाकण आत अडकलेलं. मी ओढायला गेले आणि बरणी आडवी झाली. अध्यक्षीणबाईंच्या नव्या शालीवर मध. तरी सगळ्या विचारत होत्या की हे मिळतं कुठे. मी छाती फुगवून सांगितलं की माझ्या भाचीने केलंय.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो कमी होऊ देणार नाही.

तुझी,
मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी हसले, मग गुरुवारचं पुन्हा पुन्हा वाचलं.

पेटंटाचा नियम साधा आहे. अर्ज जाईपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची. वस्तू अर्जाआधी चारचौघांत उघड दाखवली की ती नवी राहत नाही, आणि जी नवी नाही तिला पेटंट नाही. तू चारचौघांत नाही, अडतीस जणींत दाखवलीस, तीही आतून बाहेरून. पेटंटाचं काम पाहणाऱ्या आमच्या वकीलबाई अर्जापूर्वी हाच पहिला प्रश्न विचारतात, की बाहेरच्या कुणी पाहिलंय का.

मी तुझ्यावर फार रागावले. दोन तास नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मग तुला पाठवलेल्या माहितीपत्रकाची प्रत काढून वाचली. स्क्रू किती फेरे फिरवायचा हे त्यात आहे, पट्टा धुवायचा कसा हेही आहे. कुणाला दाखवू नकोस, एवढी एक ओळ लिहायची मात्र राहिली. तुला नियम माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. मला तो अकरा वर्षं पाठ आहे.

वकीलबाईंना अजून काही बोलले नाही. काय करू ते कळत नाही. हे पत्र कोरडं वाटलं तर माफ कर, माया तीच आहे.

खटपटी


१९ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. करायला गेले कौतुक आणि पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुझी आई लहानपणापासून सांगत आली आहे, ते खरं आहे.

माझ्या मनात आलं की अडतीस जणींना एकेक करून गाठावं आणि गप्प बसायची शपथ घालावी. तुझ्या वकीलबाई काही आमच्या वाचनालयात चौकशीला यायच्या नाहीत. पण मग विचार केला, अडतीस बायकांना गप्प बस म्हणून सांगायचं म्हणजे गावभर दवंडीच पिटायची. तेव्हा तू म्हणशील तसं. गप्प राहा म्हणालीस तर मी मेले तरी बोलणार नाही.

आता एक वेडगळ गोष्ट लिहिते, हसू नकोस. हात रिकामे असले की मला जास्त वाईट वाटतं, म्हणून खटक्याचं काय करता येईल ते बघत बसले. मी तीस वर्षं शिलाईच्या मशीनवर काढली. मशीनचा सुईपाशी जो पाय असतो, तो उचलला की वरच्या दोऱ्याचा ताण आपसूक सुटतो. ताण सोडायला वेगळं काही दाबावं लागत नाही. पाय उचलायची दांडीच आतून एक खिळा ढकलते आणि दोरा मोकळा होतो. मग तुझ्या दांड्यानेही तेच का करू नये? ओढला की आवळेल, मागे ढकलला की खिळा खटक्यावर आपटेल आणि पट्टा सुटेल. मी केसांतला आकडा वाकवून, दोऱ्याने बांधून पाहिलं. नऊ वेळा सुटला, दहाव्यांदा आकडा तुटला. मापं कापायच्या कागदावर आकृती काढून सोबत पाठवते आहे. निरुपयोगी असेल तर चूल पेटवायला घे.

मनात अढी ठेवू नकोस एवढंच मागते.

तुझी अपराधी,
मावशी


२७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी कबुली. तुझं पत्र आल्यावर मी एक अख्खा दिवस गप्प राहिले. कुणाला कळणार होतं? पण ज्या कागदावर पहिल्यांदा माझं नाव येणार, त्यावर खोटं लिहून सही करायला हात होईना. वकीलबाईंकडे गेले आणि मधाच्या डागासकट सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या की पट्टा, जबडे, दांडा, जे जे त्या बैठकीत दिसलं ते ते गेलं. दीड वर्षाचं काम, मावशी. मी जिन्यात उभी राहून रडले.

मग टेबलावर तुझी आकृती दिसली. पत्र आल्यापासून बघवत नव्हती, आता सहज उलगडली. अगं, तू काय केलंयस तुला ठाऊक आहे का! मी धावत खाली गेले. आमच्या लेथवाल्या काकांनी पोलादाचा खिळा करून दिला, आम्ही तो दांड्याशेजारी चौकटीत बसवला. ओढला, झाकण फिरलं. मागे ढकलला, पट्टा सुटून झाकण टेबलावर पडलं. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा करायला सांगितलं. तासाभरात सगळा विभाग भोवती जमला. दुपारचा चहा तसाच गार झाला.

वकीलबाई म्हणतात की हा खिळा त्या अडतीस जणींनी पाहिलेला नाही. तो नवा आहे आणि त्याच्यावर अर्ज जाऊ शकतो. मग त्यांनी विचारलं की ही कल्पना कुणाची. शोध ज्याच्या डोक्यातून आला त्याचंच नाव लागतं, दुसऱ्याचं घातलं तर पेटंट रद्द होऊ शकतं. मी सांगितलं, माझ्या मावशीची, सर्वस्वी तिची. तोंडातून ते निघताना थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू. पण साहेबांनी माझ्याशी केलं ते मी तुझ्याशी करणार नाही.

सोबत कागद आहेत आणि खिळा बसवलेलं नवं यंत्रही आहे, ते मात्र कुणाला दाखवू नकोस. खूण केलेल्या जागी सही कर. तुझ्या आशीर्वादाची आणि सहीची वाट पाहणारी,

खटपटी


६ मार्च

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

दीड वर्ष तू राबलीस, यंत्र तुझं. मी एक आकडा वाकवला आणि कागदावर माझं एकटीचं नाव? आयत्या बिळावरचा नागोबा मला व्हायचं नाही. वकीलबाईंचा कायदा असेल, मला मान्य आहे. पण सही माझी आहे आणि ती कधी करायची ते मी ठरवेन.

तू पाठवलेल्या नव्या यंत्रावर मी मिळतील तेवढी झाकणं लावून पाहिली. बरण्या सुटतात. पण औषधाच्या बाटलीचं बारीक झाकण लावलं की पट्टा इतका आत जातो, की माझा खिळा खटक्यापर्यंत पोचतच नाही. आणि मला सांग, आखडलेल्या बोटांना रोज काय उघडायचं असतं? औषधाचीच बाटली ना? मी दहा दिवस डोकं खाजवलं तरी हे मला जमणार नाही. मला शिवणातलं कळतं, हे तुझ्या इंजिनियरिंगमधलं आहे.

तेव्हा हे तू सोडव. सुटलं तर आपण दोघी सही करू. नाही सुटलं तर अर्ज गेला खड्ड्यात. एवढं लिहूनही तुझ्यावर जीव तेवढाच आहे, हे समजून घे.

मावशी


२४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुटलं!

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा इतका राग आला की त्या रागातच कामाला लागले. लांब खिळा केला, तो मोठ्या बरणीला अडला. वाकडा केला, तो रुतला. मागेपुढे सरकणारा केला, तो तीनशे वेळांत झिजला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी गत झाली होती. परवा कपडे वाळत घालताना अचानक कळलं. खिळा चौकटीत बसवला हीच चूक होती. तो पट्ट्याच्या टोकाशी, खटक्याच्या शेजारीच असायला हवा. मग पट्टा जिथे जाईल तिथे खिळा जाईल, झाकण केवढंही असो. कपडे बादलीत तसेच टाकून कारखान्यात पळाले. लेथवाले काका सुट्टीवर होते, म्हणून भाग स्वतः कापला. अंगठ्याला पट्टी आहे, काळजी करू नकोस.

औषधाची बाटली, मधाची बरणी, रंगाचा डबा, सगळं सुटतं. आज पहाटे यंत्रावर वीस हजार वेळा ओढून, ढकलून झालं. एकदाही अडकलं नाही. विभागात सगळ्यांनी मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

वकीलबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, दांड्याने ताण सोडायचा ही कल्पना मावशीची आणि खिळा पट्ट्याबरोबर फिरवायचा ही माझी. त्यांनी सगळं नीट तपासलं आणि म्हणाल्या की दोघींचीही नावं लागतात, उपकार म्हणून नव्हे, हक्काने. मी शनिवारी स्वतः कागद घेऊन येते. आणि मावशी, शनिवारपर्यंत कृपा करून तोंडाला कुलूप.

तुझी, अंगठा सोडून सर्वांगाने खुशाल,
खटपटी


९ मे, दोन वर्षांनंतर

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

काल टपालवाल्याने मोठं पाकीट आणून दिलं. दारातच फोडलं. पेटंटाचा कागद तीनदा वाचला. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण वरची दोन नावं कळली.

तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट आहे, तुला कधी सांगितली नाही. मी ज्या दुकानात कामाला होते तिथे कोट शिवून झाला की शेवटी कॉलरीच्या आत दुकानाच्या नावाची पट्टी टाचायची असे. तेही कामच. तीस वर्षांत हजारो कोट माझ्या हातून गेले आणि प्रत्येकात दुसऱ्याचं नाव मी माझ्याच सुईने शिवलं, सरळ, बारीक टाक्यांत, उसवू नये म्हणून. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. निदान काल दुपारपर्यंत मला तसं वाटत होतं.

काल ते छापलेलं नाव मी बोटाने चाचपून पाहिलं. शोध लावणारी म्हणून माझं, आणि त्याला लागून तुझं. दारातच बसून मनसोक्त रडले, आणि मग शेजारणीला हाक मारली.

तुझीच,
मावशी