चाळीस ओळींची मालकी

३ फेब्रुवारी
मेंटेनरकाकांची, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या काकांची मेल. आमच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये ज्यांनी कोड घातलाय, त्या सगळ्यांनी आपला कॉपीराइट संस्थेच्या नावे करून द्यायचा. उद्या कुणी कोर्टात खेचलं तर संस्थेला उभं राहता यावं म्हणून. ‘हे सर्व मी स्वतः लिहिले आहे’ – खाली सही. सही नाही, तर कोड बाहेर.
आठ वर्षं फुकट राबतोय. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीन वाचून दाखवतो आमचा प्रोग्रॅम. सहीला काय लागतं!

४ फेब्रुवारी
सही केली नाही. पेनाचं टोपण काढून बसलो, परत लावलं.
पूर्णविरामाशी आवाजाने किती थांबायचं, ते ठरवणाऱ्या चाळीस ओळी माझ्या नाहीत. बायकोच्या आहेत – तेव्हाच्या बायकोच्या. प्रोग्रॅम धाप लागल्यासारखा वाचत सुटायचा. “अरे, त्याला श्वास तरी घेऊ दे,” म्हणाली, मला खुर्चीवरून उठवलं आणि लिहून मोकळी झाली. मी माझ्या नावाने पाठवल्या. वाहवा झाली, मी गप्प. तीही गप्प. तीन वर्षांपूर्वी घर सोडताना मात्र म्हणाली, “इथे माझं नाव कशावरच नाही.”

७ फेब्रुवारी
आज कुणाशी बोललो? लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी – “चौथा ना?” “चौथा.” आणि मुंगीशी. मुंगी म्हणजे ऑनलाइन या टोपणनावाने माझा कोड तपासणारं कुणीतरी. बाई की बुवा, देव जाणे. दोन वर्षं रोज दोन-चार ओळी येतात. आजच्या – ‘घाई झालीय. चहा घ्या, मग पुन्हा लिहा.’ घेतला. एकच कप विसळायचा असतो.
माझी ओळन्‌ओळ सोलून काढते मुंगी. त्या चाळीस ओळींना मात्र कधी हात लावला नाही.

९ फेब्रुवारी
खोटी सही केली तर कुणाला कळणार आहे? आणि खरं सांगितलं तर मला काढतील. मग मुंगीही गेली. मग फक्त लिफ्ट.

११ फेब्रुवारी
काकांना लिहून टाकलं. त्या ओळी माझ्या नाहीत, तिच्या आहेत. तिचं पूर्ण नाव दिलं. सही तिची घ्या; मला काढलंत तरी तक्रार नाही.
पाठवलं आणि लॅपटॉप मिटला.

१२ फेब्रुवारी
मुंगीचं काही नाही.

१३ फेब्रुवारी
आजही नाही. फार एकटं वाटतंय. उगीच दोनदा खाली जाऊन आलो.

१६ फेब्रुवारी
काकांचं उत्तर. ‘कोड तपासणाऱ्यांकडून आम्ही आधीच लिहून घेतो. त्यामुळे तुम्ही ज्यांचं नाव दिलंत त्यांची सही दोन वर्षांपासून आमच्याकडे आहे. त्यांना विचारूनच सांगतोय – तुम्ही त्यांना मुंगी म्हणून ओळखता.’
खाली मुंगीची एक ओळ होती.
‘आता तू सही कर.’