तीन न्हाणं पुरेल एवढी कुपी

अमरावती,
बुधवार, ता. २५ जानेवारी १९३९, दुपार

श्रीयुत खुशालराव यांस,

नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम असणार, कारण आजारी माणसाला असलं धाडस सुचत नाही. उद्धवला आणि सूनबाईंना आशीर्वाद सांगा, त्यांचा यात दोष नाही. माझं बरं आहे. गुडघा दुखतो, पण तो तुमच्यामुळे नाही.

आता मुद्दा. परवा सोमवारी, तारीख २३ जानेवारीला, दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी, केशवराव वकिलांच्या ओसरीवर माझा अपमान झाला. वेळ घड्याळात पाहून लिहिते आहे. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेची घंटा याच घड्याळावर वाजली, आणि नोकरी सुटली म्हणून घड्याळ काही खोटं बोलायला लागलेलं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. केशवरावांच्या आशाबाई माझ्या विद्यार्थिनी, म्हणून दरवर्षी मला बोलावतात आणि ओसरीवर खुर्ची टाकतात. आत सवाष्णी, बाहेर मी, मध्ये पडदा. मला तिळगूळ मिळतो, चहा मिळतो, वाण मिळत नाही. बाराव्या वर्षी विधवा झालेल्या बाईला याची सवय होते. अपमान तो नव्हे.

यंदा आशाबाई तुमच्या ‘मोगरेल’ तेलाच्या नमुन्याच्या कुप्या वाण म्हणून लुटणार होत्या. तेल नवं, वाण घरोघर जाणार, म्हणजे तेलही घरोघर जाणार. ही कल्पना माझी. कुपी माझ्या पसंतीची. म्हणून मी पडद्याकडे कान लावून बसले होते. आतून ‘अगं बाई, किती सुरेख!’ असं ऐकू येईल, असं मला वाटत होतं. ऐकू आलं ते हसणं. मग बेबीताई पदर सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाई, हे पाहा! वाणात खोकल्याचं औषध!”

त्यांच्या हातात होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे मिळते तसली बुचाची बाटली होती. साधी, उभट, निर्लज्ज. तिच्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तांबड्या अक्षरांत: ‘आजच उघडा. आजच लावा.’

खुशालराव, माझी कुपी कुठे गेली?

तुम्ही विसरला असाल तर आठवण देते. गेल्या श्रावणात, पंचवीसएक वर्षं एका ओळीचं पत्र नसताना, तुम्ही अकोल्याहून, बडनेऱ्याला गाडी बदलून, माझ्या दारात उभे राहिलात. केस पांढरे, हातात फडक्याचं गाठोडं. ते माझ्या टेबलावर सोडलंत आणि पत्र्याची डबी, बुचाची बाटली, रंगीत काचेची नळी आणि फिरोजाबादेच्या कारागिरानं केलेली अष्टकोनी कुपी, असं सगळं ओळीनं मांडलंत. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे तुम्ही उभेच होता.

“बाई, तेल नवं हाय,” तुम्ही म्हणालात. “अनोळखी शिशी कोणी घेऊन नाई राहिलं. आधी इवलंसं हातावर द्या लागते. पन इवलंसं म्हंजे केवढं, आन् कशात द्यायचं, हे तुमी सांगा.”

“मलाच का? अकोल्यात बायका नाहीत?”

“हायेत. पन माह्या पयल्या शिशीवरची चिठ्ठी तुमी लिवली होती.”

ते खरं होतं. सन १९०८. एलिचपूरच्या फुलमाळ्याचा मुलगा, डोक्यावर टोपली, शाळेच्या फाटकाशी उभा राहून विचारतो, इथं कोणाचं अक्षर चांगलं आहे? मी चाळीस चिठ्ठ्या लिहून दिल्या. तुम्ही म्हणाला होता, “तुमचं अक्षर बसलं का शिशीतून आपोआप वास येते.” मी तुम्हांला झापलं होतं. मग तुम्ही दर शनिवारी चिठ्ठ्यांसाठी येऊ लागलात. इतक्या शिशा तुमच्याकडे नव्हत्या, हे दोघांनाही माहीत होतं. असो.

त्या श्रावणात मी पत्र्याची डबी बाजूला सारली, कारण आमच्या उन्हाळ्यात ती पाझरली असती. बुचाच्या बाटलीला मी म्हटलं, “ही पाहून बाई जीभ दाखवेल, केस सोडणार नाही.” नळी हातातून निसटण्यासारखी होती. उरली कुपी. माप मी सांगितलं, तीन न्हाणं पुरेल एवढं. एकदा लावून नुसतं नवल वाटतं. दुसऱ्यांदा केस ओळखू लागतात. तिसऱ्या न्हाणाला तेल संपलं की बाई चौथ्याची वाट पाहते, आणि ही वाट पाहणारी बाईच तुमचं गिऱ्हाईक. तुम्ही मान हलवलीत आणि माझ्याच टाकानं माझ्याच कागदावर लिहून दिलंत: ‘कुपीचा शब्द माणिकबाईंचा.’ तो कागद माझ्याकडे आहे. मी कागद टाकत नाही.

मग माझा शब्द मला न विचारता का मोडलात?

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. ते मीच लिहिते, म्हणजे तुम्हांला सौजन्य दाखवायची संधी मिळणार नाही.

दिवाळीला पहिल्या कुप्या अमरावतीत वाटल्या गेल्या. महिन्याभरानं तुम्ही कळवलंत, घरोघर जाऊन बायकांना कसं वाटलं ते विचारा. मी गेले. केशवरावांकडे कुपी देवघरात, अन्नपूर्णेच्या शेजारी. तारा प्रधानबाईंकडे काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या मांजरापुढे. गोदाबाई मोसंबीवाल्यांकडे तर ती पेटीत, लेकीच्या शालूच्या घडीत. “एवढी साजरी कुपी, बाई! उघडून नासवू का?” गोदाबाई म्हणाल्या. “पोरीच्या लग्नात काढीन.” पोर सहा वर्षांची आहे.

सव्वीस घरं फिरले. एकाही घरात कुपीचं झाकण उघडलेलं नव्हतं. बायका कुपी उन्हात धरून मला दाखवत होत्या, तेल आत सोन्यासारखं हलत होतं, आणि एकीलाही त्याचा वास माहीत नव्हता.

मी तुम्हांला लिहिलं, ‘सर्वत्र अतिशय पसंत पडली.’ एक अक्षर खोटं नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटात आम्हांला पापांची यादी पाठ होती आणि खरं बोलून फसवणं हे त्यात होतं. तेव्हा हे मी जाणूनबुजून केलं. अमरावतीत मोठ्या शिशा दुकानात तशाच पडून राहिल्या, तुम्ही कारण ओळखलंत, आणि मला वाईट वाटू नये म्हणून न बोलता कुपी काढून घेतलीत. मला राग त्याचा आहे. मला वाईट वाटेल की नाही हे माझं मी पाहीन. ते ठरवायचा हक्क तुम्हांला कोणी दिला?

यापुढचं लिहायचं नव्हतं.

त्या दिवशी बायका पांगल्यावर आशाबाई ओसरीवर आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी माझ्या पदरात एक बाटली टाकली. “बाई, घ्या.”

“मला वाण?”

“वाण नाही, नमुना आहे. आणि वर काय लिहिलंय वाचा. लिहिलेलं पाळावं, असं तुम्हीच छडी घेऊन शिकवलंय.”

घरी आले. कंदील लावायला अजून अवकाश होता. पश्चिमेकडचं तांबूस ऊन भिंतीवर चढत होतं. बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिले. खुशालराव, तीस वर्षांपूर्वी तुमच्या पहिल्या तेलाचं नाव मी लिहिलं, गेल्या श्रावणात या नव्याचं माप सांगितलं, तीन न्हाणांचं तत्त्वज्ञान ऐकवलं. आणि तुमचं कुठलंच तेल मी तोवर एकदाही लावलेलं नव्हतं. विधवेनं वासाचं तेल लावायचं नसतं. माझ्या वडिलांनी माझे केस वाचवले आणि वकिली पणाला लावून मला नागपूरला नन्सकडे धाडलं, पण तिथंही वेणी पाण्यानंच बसवायची. सिस्टर अगाथांपाशी लव्हेंडरची एक अष्टकोनी कुपी होती. वर्षातून एकदा, नाताळाला, त्या तिचं झाकण आमच्या नाकाशी धरायच्या, लगेच लावून टाकायच्या. त्या वारल्या तेव्हा कुपी पाऊण भरलेली निघाली. आत होतं ते नुसतं पाणी वाटावं असं. वास कधीच उडून गेला होता. तरी मी तीच कुपी पसंत केली. पाहताक्षणी.

मी बूच काढलं.

मोगरा खोलीत आला. येतो म्हणजे कसा, आधी नाकाशी नाही, गुडघ्याशी, मांजरासारखा. मग पुस्तकांच्या फळीवरून, मच्छरदाणीच्या दांडीवरून. तळहातावर तेल घेतलं आणि केसांना लावलं. केस आता मूठभर, पांढरे. बोटं त्यात फिरत होती आणि ती माझी आहेत असं वाटेना. डोळे मिटले तर मी लांबच लांब बोळातून चालत होते, दोन्ही बाजूंना मोगऱ्याचे वाफे, आणि प्रत्येक झाडाला फुलांऐवजी इवल्या कुप्या लागलेल्या. वारा आला की त्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. एकीवरही झाकण नव्हतं. मी झाकणं शोधत होते. कोणी तरी म्हणत होतं, राहू द्या ना बाई. डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं, आणि मी उठून पेटी उघडत होते.

तुमचं पत्र त्या पेटीत आहे. म्हणजे होतं, बंद पाकिटात. सन १९११ चं, पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचा शिक्का. ते आलं त्या सकाळी शाळेत इन्स्पेक्टरसाहेब यायचे होते. अक्षर पाहिलं, पाकीट हातात तोललं, आणि ठरवलं की निवांत दिवशी उघडू. निवांत दिवस आला तेव्हा वाटलं, आज नको, आज मन बरं नाही. मन बरं होतं त्या दिवशी वाटलं, एवढं बरं चाललंय ते नासवू का? आत काय असेल याचा अंदाज होता. तो अंदाज मी पेटीत ठेवून अधूनमधून हातात धरत होते. गोदाबाईंना हसायचा मला काही अधिकार नाही.

दोन वर्षांनी तुमच्या लग्नाची पत्रिका आली. ती मात्र आल्याबरोबर उघडली. तेव्हापासून माझा तुमच्यावर राग आहे. राग असा, की हा माणूस एकदा लिहून गप्प का बसला? पुन्हा का विचारलं नाही? तुमच्या पार्बताबाई गेल्या तेव्हा मी दोन ओळी पाठवल्या नाहीत, त्या याच रागापायी. त्याबद्दल आज क्षमा मागते. त्या चांगल्या होत्या असं सगळे सांगतात.

परवा संध्याकाळी पाकीट उघडलं. कागद घडीवर फाटला, पण अक्षरं शाबूत आहेत. तुमचं तुम्हांला आठवत नसेल, म्हणून उतरवून देते:

‘बाईस नमस्कार. अकोल्याले मळा घेतला. मोगरा लावला. दोन खोल्या बांधून राहिलो. गवंडी विचारते खिडकी कोन्या बाजूले ठेवू. मी त्याले म्हटलं, जिले त्या खिडकीत बसून वाचायचं हाय तिले विचारून सांगतो. लोकं बोलतील, ते मी आयकून घेईन. अक्षय्य तृतीयेपर्यंत कळवा. नाही कळवलं तर मी समजून जाईन, आन् पुन्हा कधी विचारणार नाई.’

पंचवीस वर्षं ज्याचा राग धरला, त्याचा खुलासा त्याच पाकिटात होता. एवढी मोठी चूक मी मुलींच्या वहीतही पाहिलेली नाही.

आजचा हा तिसरा दिवस. आज सकाळी न्हाऊन पुन्हा तेल लावलं. आशाबाईंची मोलकरीण निरोप घेऊन आली, दारातच थबकली आणि म्हणाली, “बाई, इथं कोन आलं होतं?” मी म्हटलं, कोणी नाही. बाटलीत आता एका न्हाणापुरतं आहे. माप मीच दिलेलं, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

बुचाची बाटलीच ठेवा. कुपीबद्दल माझं चुकलं. हे वाक्य जपून ठेवा, असं दुसरं मिळणार नाही. चिठ्ठी मात्र बदला. तांबडी अक्षरं अंगावर ओरडतात. चिठ्ठ्या मी लिहून देईन, पहिल्या चाळीस तरी. पुढच्या छापून घ्या.

आणि आता माझी मागणी. ती खिडकी कोणत्या बाजूला ठेवलीत, हे मला लेखी कळवा. शनिवार, तारीख ४ फेब्रुवारी, दुपारच्या टपालापर्यंत. उद्धवच्या हातून निरोप चालणार नाही, तुमचं अक्षर हवं. माझं उत्तर तुमच्या मुदतीत आलं नाही, तरी आता नोंदवून घ्या: पूर्वेला. पश्चिमेला ठेवली असेल तर वैशाखात पुस्तकाची पानं भाजत असतील. पार्बताबाई त्या खिडकीत बसत असतील तर ती त्यांची आहे, तिला हात लावू नका. मळ्याकडच्या दुसऱ्या भिंतीत जागा असेलच. असल्यास गवंडी कधी मिळेल, तेही त्याच पत्रात लिहा.

लोक बोलतील. ते मी ऐकून घेईन, आणि उत्तरही देईन. ते काम तुम्हांला जमत नाही.

तुमचं पाकीट ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी उघडेन.

माणिक