बंद बैठकीतला चहा

भगीरथ बाबा,

तुझी आत्या लिवते. माझ्या नातीवर, अक्षदावर, तू मुरबाडच्या कोर्टात केस घातलीस, तरी आत्या ती आत्याच. तुझी मिरची सुकली खरी, पण तुझा चोरून जोडलेला नळ तिनं पंचायतीच्या सांगण्यावरूनच तोडला. पंचायतीच्या पाण्याची नोकरीच हाय ती तिची.

आज तिला वकील द्यायचा का नाय, याची पंचायतीत बंद बैठक झाली. सगळ्यांना बाहेर काढलं. मी चहा वाटत होते, मला कोणी काढलंच नाय. म्हातारी म्हणजे किटलीसारखीच. मेंबर शेखर बोलला, "आजी, चहात आलं मस्त पडलंय," नि त्याच दमात हात वर केला. मग सगळ्यांचेच हात वर. वकील पंचायतच देणार.

तेवढ्यात सरपंचबाई दचकल्या. "आजी, तुमी इथंच? कोर्टाच्या तारखेपर्यंत कुणाला बोलू नका. समोरच्याला कळता कामा नये."

मी देवाची शपथ घेतली. तवापासून नुसती आत-बाहेर करते. पोरगी जेवत नाय, "आजी गो, नोकरी जाईल का?" विचारते, नि मी तोंडात मिसरी धरून गप. हसू लपवायला वाल सोलते. कुणाला तरी सांगावं म्हणून तुला लिवलं, तर समोरचा तूच.

हा कागद आता चुलीत घालते. त्यावर भात शिजवून पोरीला माझ्या हातानं भरवीन.

तुझीबी नि तिचीबी,
जनी