अकराव्या पानावरचा चेहरा

१४ मार्च, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ते त्याचं रोजचंच. रविवारी दुपारच्या बसने येतोयस असं लिहिलंस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मगच बॅग भर.

माझं कॉमिक फसलंय, हे तू सरळ लिहिलंस ते बरं केलंस. चार मुखवटेवाले गल्लीचे रखवालदार, आणि निम्मी पानं गच्चीवर उभे राहून नुसती भाषणं ठोकतात! मारामारी आली तर ठोसासुद्धा पत्ता विचारल्यासारखा लागतो. मलाही ते छापून आल्यावरच दिसलं. दुकानदाराने गठ्ठा परत पाठवला, तो मी पलंगाखाली ढकलून दिला.

अकराव्या पानाचं मात्र तू कौतुक केलंस. मुखवटेवाले चोराचा उजवा हात दारात चिरडतात, ते पान. चोराचा चेहरा जिवंत वाटतो म्हणालास. वाटणारच. समोर खराखुरा चेहरा असल्याशिवाय मला काढता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खिडकीसमोर चावीवाल्याचं दुकान, त्याचाच काढला. त्याने पाहिलं आणि हसत म्हणाला, "ताई, नाक तरी जरा बेताचं काढायचं!"

मग शिंपीणबाईंकडे चोरी झाली, कुलूप न फोडता. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेतले चौघे कॉमिक घेऊन वर आले. "ताई, हा आपला चावीवालाच ना? तुम्हाला आधीच माहीत होतं का?" माझं पुस्तक कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं रे. मी नुसती हसले आणि त्या पानावर सही करून दिली.

मंगळवारी भर दुपारी चौघे मुखवटे घालून आले. हुबेहूब माझे मुखवटे. चावीवाल्याला त्याच्याच दुकानाच्या दारात धरलं. पुढचं तू वाचलेलंच आहेस. मी खिडकीत उभी राहून नुसती बघत होते. चोरी शिंपीणबाईंच्या भाच्याने केली होती, हे काल कळलं. मी चौकीत सांगायला गेले, तर हवालदाराच्या टेबलावरही माझंच कॉमिक होतं.

आता जे टाळतेय ते. काल ते चौघे पुन्हा आले. "पुढच्या अंकात कोण?" म्हणाले आणि टेबलावरची कच्ची पानं उचलून घेऊन गेले. त्यात घर सोडून गेलेला भाऊ परत येतो आणि घर विकून बहिणीला रस्त्यावर काढतो. तू घराचा विषय काढलास, त्या रागाच्या भरात लिहिलं मी. चेहरा हवा होता. टेबलासमोर तुझा फोटो आहे. शेवटच्या पानावर त्याचं काय होतं, ते मला इथे लिहवत नाही.

धावत जाऊन सांगितलं, हे सगळं मी मनाने रचलंय, माझा भाऊ तसा नाही. त्यांच्यातला थोरला शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही घाबरू नका. आम्ही आहोत ना." आणि तू रविवारी येणार, हे मी आनंदाने आधीच गल्लीभर सांगून बसलेय.

पत्र बसचालकाच्या हाती देतेय. घर विकायचं असेल तर वीक. कागद पाठव, मी सही करते. पण येऊ नकोस.

तुझी वाट न पाहणारी,
ताई